शाईचं भाडं

हडर्सफील्डला आज सकाळपासून धुकं उतरलेलं,
टेकडीवरचा बुरूज दिसेना.
आणि पत्र आलं, फार अदबीनं लिहिलेलं:
तुमच्या योजनेत आम्ही काही छोटे बदल करत आहोत.
छोटे म्हणजे, महिना चार पौंडांचे साडेपाच.
पानं तीच पन्नास.
शाई तीच. मीही तीच.

प्रिंटर घेतला तेव्हा सेलमध्ये होता, पस्तीस पौंडांना.
दुकानातला पोरगा म्हणाला होता, फुकटच समजा.
तेव्हाच कळायला हवं होतं.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला –
पण इथे मसाला विकतही मिळत नाही,
भाड्याने मिळतो,
आणि रस्सा ऐन उकळीला आला
की कुणीतरी दुरून चूल विझवतं.

मी असं छापते तरी काय?
समोरच्या डोरीनची शब्दकोडी, मोठ्या टायपात.
तिच्या नजरेच्या मधोमध आता एक डाग येऊन बसलाय,
म्हणून एका कोड्याची चार पानं करावी लागतात.
बुधवारी ती चारही पानं गालिच्यावर जोडते,
कडा बोटांनी जुळवत,
आणि मला विचारते,
सात अक्षरं, दिवसाढवळ्याही होते?
मी म्हणते, थांब, पत्र आणते.

फोन केला.
चाळीस मिनिटं एकच पियानो,
मग कॅलम नावाचा मुलगा, आवाजावरून विशीतला,
मला मिसेस टिप्नाइस म्हणणारा.
म्हटलं, बाबा, बंदच कर.
करतो, म्हणाला, पण एकवीस तारखेपासून आतली शाई चालणार नाही.
– संपेल?
– नाही, असेल. चालणार नाही.
हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.
शाई माझ्या घरात, माझ्या टेबलावर,
वीज माझी, कागद माझा,
आणि तिला मनाई करणारा बसलाय
कुठल्या गावात, कोण जाणे.

कॅलम थोडा गप्प राहिला.
मग आवाज खाली घेऊन म्हणाला,
माझ्या आईने शेवटच्या रात्री सगळं छापून घेतलं.

श्रीरामपूरच्या शाळेत, ऐन परीक्षेत पेन कोरडं पडलं
की कुंदा हिरवे बाकावर सरकून यायची,
निबेला निब लावून चार थेंब द्यायची. मोजून.
उद्या परत, नाहीतर कट्टी.
तिचे दोन थेंब मी बुडवलेत,
चाळीसच्या वर वर्षं झाली.
हिशोबाला कडक होती कुंदा,
पण दिलेला थेंब
माझ्या पेनात शिरून तिनं कधी गोठवला नाही.

वीस तारखेला रात्री छापत बसले.
अठ्ठावीस पानं उरलेली,
म्हणजे सात कोडी,
म्हणजे सात बुधवार.
यंत्र खाकरत होतं, मी कागद भरत होते,
वर भाडेकरू झोपलेला म्हणून खाली टॉवेल घातला.
बाराला दोन मिनिटं कमी असताना
शेवटचं पान आलं, तिरकं, पण आलं.

सकाळी लाल दिवा.
काडतूस काढून कानाशी हलवलं.
जड होतं.
ते परत पाठवायचं म्हणे, पर्यावरणासाठी,
त्यावर पत्त्याचं लेबल लावायचं,
आणि लेबल –
कृपया छापून घ्यावं.

एकटीच हसले, कितीतरी वेळ.
चहा गार झाला.

मग कोटाच्या खिशात काडतूस टाकून,
सात बुधवार काखेत धरून
रस्ता ओलांडला.
डोरीनने गठ्ठा चाचपला, जाडी पाहिली अंगठ्याने.
आज एवढी सगळी, म्हणाली, लॉटरी लागली की काय?
आठव्या बुधवारचं
मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.